शिक्षा संपल्याचा दाखला

धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यासारख्या मोठ्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, की उमेदवारी अर्जाला कोणकोणते कागद जोडायचे याची धावपळ सुरू होते. थकबाकी नाही, घरी शौचालय आहे, जातीचे प्रमाणपत्र आहे, एवढे सगळे गोळा होते. पूर्वी कधी न्यायालयात शिक्षा झाली होती का, हा प्रश्न मात्र अनेकदा छाननीच्या टेबलावरच समोर येतो, आणि तोही विरोधकाच्या हरकतीतून. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम १४ प्रमाणे दारूबंदी कायद्याखाली किंवा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला दोषसिद्धीपासून पाच वर्षे पंचायतीचा सदस्य होता येत नाही. त्यासाठी तुरुंगवास झालेला असावा लागत नाही. नुसता दंड भरला असला तरी पुरते. इतर कोणत्याही गुन्ह्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल, तर सुटकेनंतर पाच वर्षे थांबावे लागते. याच कलमात आणखी काही शब्द आहेत, पण त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पाच वर्षे, ‘किंवा राज्य शासन एखाद्या प्रकरणात मान्य करील इतका कमी कालावधी’, अशा आशयाची ती तरतूद आहे. म्हणजे गमावलेला हक्क मुदतीआधी परत मागण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. तो अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, किती दिवसांत निकाल मिळावा, कोणत्या कसोट्यांवर मिळावा, यांबद्दल मात्र हे कलम काहीच बोलत नाही.

आता हीच गोष्ट आमदार-खासदारांच्या बाबतीत पाहा. तिथे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याचे कलम ८ लागू होते. भ्रष्टाचार, अमली पदार्थ, दहशतवाद, अस्पृश्यता अशा त्यात नावानिशी दिलेल्या गुन्ह्यांत नुसत्या दंडानेही सहा वर्षे अपात्रता येते. हुंडा, भेसळ, साठेबाजी यांसाठी किमान सहा महिन्यांची शिक्षा लागते. उरलेल्या गुन्ह्यांत दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली, तरच शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नाव या यादीत नाही. त्यामुळे हातभट्टीच्या गुन्ह्यात दंड भरलेला माणूस पाच वर्षे आपल्या वॉर्डाचा पंच होऊ शकत नाही, पण त्याच काळात तो विधानसभेला उभा राहू शकतो. मोठ्या पदाला सैल आणि लहान पदाला घट्ट अशी ही गाठ कोणत्या न्यायाने मारली, हे समजणे कठीण आहे. गावात दारूने संसार उद्ध्वस्त होतात, म्हणून पंचायतीत हा नियम कडक असावा, असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण मग तोच नियम विधानसभेलाही लागू व्हायला हवा.

हक्क परत मिळवण्याची वाट वरच्या पायरीवर कशी चालते, याची दोन उदाहरणे सर्वांसमोर आहेत. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग गायवाटप योजनेतील भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरले, एक वर्षाची शिक्षा भोगून ऑगस्ट २०१८ मध्ये सुटले आणि २०१९ मध्ये अपात्रता कायम असतानाच मुख्यमंत्री झाले. त्यांनी निवडणूक आयोगाकडे अर्ज केला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ११ खाली आयोगाला कारणे नोंदवून अपात्रता काढण्याचा किंवा तिचा काळ कमी करण्याचा अधिकार आहे. आयोगाने सप्टेंबर २०१९ मध्ये सहा वर्षांचा काळ एक वर्ष एक महिन्यावर आणला, आणि तमांग पोटनिवडणूक लढवून निवडून आले. दुसरी वाट दोषसिद्धीलाच स्थगिती मिळवण्याची. राहुल गांधी यांना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी दोषी ठरवले, दुसऱ्या दिवशी त्यांचे सदस्यत्व गेले, ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ७ ऑगस्टला सदस्यत्व परत आले. या आदेशांच्या गुणदोषांत इथे शिरायचे नाही. कायद्याने दिलेले मार्ग त्यांनी वापरले आणि ते वापरणे हा त्यांचा हक्कच होता. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की दोन्ही वाटांवर दिल्लीपर्यंत पोचणारे वकील, वेळ आणि पैसा लागतो. कळंबच्या न्यायालयात पाचशे रुपये दंड भरून बाहेर पडलेल्या माणसाला यांतली एकही वाट कुणी दाखवलेली नसते.

मुळात, आपल्याला ‘शिक्षा’ झाली हेच पुष्कळदा त्याला माहीत नसते. तारखांना मजुरी बुडते, म्हणून ‘कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा’ हा सल्ला न्यायालयाच्या आवारात सर्रास मिळतो. गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धीच असते. फिर्यादीशी रीतसर तडजोड झाली तर ती निर्दोष सुटकेसारखी मानली जाते, पण हा फरक त्याला कुणी समजावून सांगत नाही. आणखी एक उपाय जवळजवळ अडगळीत पडला आहे. १९५८ च्याच अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली न्यायालय काही गुन्ह्यांत आरोपीला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असे या अधिनियमाचे कलम १२ सांगते. एकवीस वर्षांखालच्या तरुणाच्या बाबतीत तर तुरुंगाऐवजी या मार्गाचा विचार न्यायालयाने करणेच अपेक्षित आहे. पण तसे मागावे लागते, आणि तेही शिक्षा सुनावण्याच्या वेळी. दंडाची पावती हातात पडल्यावर उशीर झालेला असतो.

परवान्यांचे कायदे उघडून पाहिले, तर शिक्षेचे परिणाम कुठेतरी संपले पाहिजेत हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केलेले दिसते. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे शस्त्र परवाना मिळत नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तर दोषसिद्धीनंतर पाच वर्षे पासपोर्ट नाकारता येतो. तशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सुटकेनंतर दोन वर्षांनी वकिलीची सनद मागता येते. वाहन परवाना आरटीओने काही काळासाठी काढून घेतला, तर तीस दिवसांत अपील करता येते. मतदानाचा हक्क तर सर्वांत सोपा आहे. कैदेत असेपर्यंत मत देता येत नाही, पण यादीतले नाव जात नाही, आणि सुटका झाली की अर्जाविना तो हक्क परत येतो. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये गंभीर गुन्ह्यातल्या माणसांना शिक्षा संपल्यावरही मतासाठी गव्हर्नरच्या मंडळासमोर हात पसरावे लागत. २०१८ मध्ये जनमताने ते बदलले, तरी पुढच्याच वर्षी दंड व फी चुकती करण्याची अट आली. या एका बाबतीत आपला कायदा अधिक माणुसकीचा आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवे.

न मिटणारी गोष्ट आहे ती नोंद. सुरक्षारक्षकाची नोकरी, पोलीस भरती, सरकारी कंत्राट, काहीही असले तरी चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र लागते, आणि वीस वर्षांपूर्वीचा दंडही तिथे उभा राहतो. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले, की क्षुल्लक गुन्ह्याची माहिती लपवली असली तरी गुन्ह्याचे स्वरूप पाहून ती चूक मालकाला माफ करता येते; आणि खरे सांगितले असले तरी उमेदवाराला नेमण्याची सक्ती मालकावर नाही. म्हणजे सगळे पुन्हा समोरच्याच्या मर्जीवर आले. बालगुन्हेगारांच्या बाबतीत बाल न्याय कायद्याने अपात्रता काढून टाकली आणि बहुतेक प्रकरणांत नोंद नष्ट करण्याचीही तरतूद केली. ब्रिटनने १९७४ मध्ये मोठ्या माणसांसाठीही ठरावीक काळानंतर जुनी दोषसिद्धी मिटलेली मानण्याचा कायदा केला. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही.

धाराशिव जिल्ह्यात या उणिवेचा सर्वांत मोठा भार कोण वाहतो, हे सांगायला संशोधन लागत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या मुक्त झाल्या, पण पाठोपाठ ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा या सराईतपणाच्या शिक्क्याचा विमुक्त जमातींवर कसा वापर होतो याचीही दखल घेतली. याच जमातींपैकी पारधी कुटुंबातल्या तरुणावर दारूबंदीचा एक दंड बसला, की त्याची पंचायतीची पाच वर्षे जातात आणि पोलीस दप्तरातली नोंद पुढची सगळी वर्षे बोलत राहते. त्याच्या पूर्वजांवर जे जन्माने लादले होते, ते त्याच्यावर एका पावतीने लादले जाते.

जुनी दोषसिद्धी मिटवावी आणि हक्क परत द्यावेत, या मागणीवर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे. बलात्कारी, लहान मुलांवर अत्याचार करणारे यांच्या नोंदी पुसायच्या का? अजिबात नाही. असे गुन्हे, खून, सार्वजनिक पैशाचा अपहार हे या सवलतीबाहेरच राहिले पाहिजेत, आणि शाळा-अंगणवाडीत नेमणूक करताना सगळा इतिहास पाहिला पाहिजे. दुसरा आक्षेप राजकारणाचा. हक्क परत देणे सोपे केले, तर गुंडांचेच फावेल. पण लिली थॉमस खटल्यात २०१३ मध्ये अपिलाच्या आडोशाने खुर्ची टिकवण्याची सोय रद्द झाली, तरीही सधन आरोपींना स्थगितीची वाट उरलीच. आजची व्यवस्था गुंडांना अडवते आणि गरिबांना सोडते असे झाले असते, तर हा आक्षेप टिकला असता. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलटे. तिसरा आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. नोंद मिटली म्हणजे झालेला अन्याय मिटला का? म्हणूनच नुकसानभरपाई चुकती झाल्याशिवाय कोणताही अर्ज ऐकू नये, आणि पीडिताला म्हणणे मांडू द्यावे.

विधानसभेने करण्याजोगे काम फार मोठे नाही. ग्रामपंचायत कायद्यातल्या सवलतीच्या तरतुदीला नियम, नमुना आणि मुदत द्यावी. दारूबंदीच्या केवळ दंडाला लागणारी पाच वर्षांची बंदी विधानसभेच्या निकषाशी जुळवावी. आणि किरकोळ गुन्ह्यात ठरावीक वर्षे नवा गुन्हा न घडल्यास न्यायालयाने शिक्षा व तिचे परिणाम संपल्याचा लेखी दाखला द्यावा. चारित्र्य पडताळणीत तोच अंतिम मानावा. तोवर प्रत्येकाने एवढे करावे: गुन्हा कबूल करून दंड भरण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना तिथे वकील फुकट मिळतो. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे त्यांना उत्पन्नाची अटही नाही. परिवीक्षेची मागणी त्या वकिलाकडून लेखी करून घ्यावी.