पितळ उघडे पडते तेव्हा

तुमच्यापैकी कोणी टपालाची तिकिटे जमवीत असेल, कोणी जुनी नाणी. काहींच्या घरी पणजोबांचे एखादे लष्करी पदकही जपून ठेवलेले असेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावासारखी कितीतरी गावे अशी आहेत, की जिथल्या घराघरातून माणसे सैन्यात गेली. अशा घरातले पदक पाहून एखाद्याला वाटते, आपणही सैनिकी वस्तूंचा संग्रह करावा. पदके, टोप्या, बिल्ले, गणवेशाची बटणे, युद्धभूमीवरून आलेली पत्रे जमवावीत. छंद चांगला आहे. परंतु या बाजारात खोट्या वस्तूही पुष्कळ असतात, आणि एकट्याने गुपचूप खरेदी करणारा माणूस त्यांना हमखास बळी पडतो. असे का होते, आणि विज्ञान त्यात आपल्याला कशी मदत करते, ते आज पाहू.

नव्वद लाख मार्कांचा धडा

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरातून 'स्टर्न' नावाचे साप्ताहिक निघते. २५ एप्रिल १९८३ रोजी त्याने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले, की हिटलरने स्वतः लिहिलेल्या रोजनिशा आपल्या हाती आल्या आहेत. एकदोन नव्हे, तब्बल साठ वह्या! त्यांच्यासाठी साप्ताहिकाने नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले होते. अवघ्या अकरा दिवसांनी, ६ मे रोजी, जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने निकाल दिला : रोजनिशा साफ बनावट आहेत.

त्या लिहिल्या होत्या कोनराड कुयाऊ याने. तो श्टुटगार्ट शहरात नाझी राजवटीतील सैनिकी वस्तूंचा व्यापार करीत असे. त्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धातले एखादे साधे, किरकोळ किमतीचे शिरस्त्राण तो घेई, आणि 'हे हिटलरने वापरले होते' अशी बनावट चिठ्ठी त्यासोबत जोडी. शिरस्त्राण खरे, पण गोष्ट खोटी! किंमत मात्र त्या गोष्टीची येई.

रोजनिशांबाबतही त्याने हेच केले. एप्रिल १९४५ मध्ये हिटलरची कागदपत्रे घेऊन निघालेले एक विमान ड्रेस्डेनजवळच्या बोर्नर्सडोर्फ गावी कोसळले होते. ही घटना खरी आहे. त्या अवशेषांतून वह्या वाचल्या, ही पुढची गोष्ट बनावट. खऱ्याला खोट्याचे ठिगळ असे बेमालूम लावले, की शिवण दिसेना.

परीक्षा झाली, पण कशाशी?

तुम्ही विचाराल, 'एवढे पैसे देण्यापूर्वी कोणी तपासले नाही का?' तपासले. हस्ताक्षरतज्ज्ञांना नमुने दिले गेले आणि अक्षर जुळते असे त्यांनी सांगितले. पण तुलनेसाठी त्यांना 'हिटलरचे खरे अक्षर' म्हणून जे कागद मिळाले, त्यांतले काही खुद्द कुयाऊनेच लिहिलेले होते! साप्ताहिकाचा वार्ताहर गेर्ड हाइडमान हा स्वतः अशा वस्तूंचा हौशी संग्राहक होता आणि ते कागद त्याच्या संग्रहातले होते. म्हणजे खोट्याची तुलना खोट्याशी झाली, आणि दोन्ही एकाच हाताची असल्यामुळे ती अर्थातच जुळली. मीटरपट्टी सदोष असेल, तर तिने मोजलेली प्रत्येक लांबी चुकणारच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बातमी फुटू नये म्हणून सारा व्यवहार गुप्त ठेवलेला होता. प्रथम तर साप्ताहिकाच्या संपादकांनाही त्याचा पत्ता नव्हता. त्यामुळे शंका काढणारे माणूसच जवळ उरले नाही. वह्यांवर हिटलरच्या नावाची 'ए. एच.' ही आद्याक्षरे हवी होती. जुन्या जर्मन वळणात 'ए' आणि 'एफ' ही अक्षरे सारखी दिसत असल्याने तिथे चक्क 'एफ. एच.' लागले होते! ज्याला विश्वास ठेवायचाच आहे, त्याच्या डोळ्यांना असे दिसत नाही. चारचौघांत वही फिरली असती, तर कोणीतरी बोट ठेवलेच असते.

किरणांनी फोडलेले बिंग

वह्या शास्त्रज्ञांच्या हाती आल्यावर मात्र वेळ लागला नाही. पांढरे कपडे उजळ दिसावेत म्हणून आपण त्यांना नीळ देतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून कारखान्यांतही काही रासायनिक शुभ्रके वापरतात. ही द्रव्ये डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण शोषून घेतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून अंधाऱ्या खोलीत जंबुपार दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. रोजनिशांचा कागद तसाच चमकला. पण त्यात सापडलेले शुभ्रक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातले होते. हिटलर तर १९४५ सालीच मेला. बांधणीत पॉलिएस्टरचे धागे निघाले. हा कृत्रिम तंतू १९४१ मध्ये इंग्लंडात शोधला गेला आणि बाजारात आला युद्धानंतर. क्लोराइडाच्या परीक्षेवरून कळले, की शाईचे लेखनही जेमतेम एकदोन वर्षांपूर्वीचे आहे. पाने जुनी दिसावीत म्हणून कुयाऊने त्यांवर चहा शिंपडला होता. चहाने रंग बदलतो, वय बदलत नाही!

हीच जंबुपार परीक्षा जुन्या गणवेशाला किंवा पदकाच्या फितीलाही लावता येते. मात्र येथे सावध राहावे. कपडे धुण्याच्या आधुनिक पावडरींतही ही शुभ्रके असतात. जुना, अस्सल सदरा कोणी अलीकडे तशा पावडरीने धुतला असेल, तर तोही चमकेल. आणि शुभ्रक नसलेले नवे कापड मिळवणे नकली माल करणाऱ्यालाही अवघड नाही. म्हणजे चमक दिसली म्हणजे वस्तू खोटीच, किंवा दिसली नाही म्हणजे खरीच, असे एका परीक्षेवरून म्हणता येत नाही.

करून पाहा

आता आपल्याकडच्या पदकाकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने सैनिकांना जे युद्धपदक दिले, ते चांदीचे होते. त्यात चांदी ९२.५ टक्के असे. त्याचा व्यास ३६ मिलिमीटर असून कडेवर सैनिकाचे नाव, पद आणि पलटण ठशांनी उमटवलेली असे. अशा पदकाची तपासणी शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येते.

फीत काढून प्रथम पदकाचे हवेतील वजन करा. मग तराजूच्या पारड्यावर, पारड्याला न टेकेल असा लाकडी पाट ठेवून त्यावर पाण्याचे चंचुपात्र ठेवा. पदक बारीक दोऱ्याने वरच्या आकड्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा बाजूंना लागता कामा नये. चिकटलेले हवेचे बुडबुडेही हलवून काढा. समजा, हवेत वजन ३१.० ग्रॅम आणि पाण्यात २८.० ग्रॅम आले. घट ३.० ग्रॅम, म्हणजेच आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार आकारमान ३.० घनसेंटिमीटर. घनता आली ३१.० ÷ ३.० = १०.३. या प्रतीच्या चांदीची घनता सुमारे एवढीच असते. चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेची घनता साडेआठच्या आसपास येईल, आणि पितळ उघडे पडेल!

यानंतर व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजा. मूळ नाव कानशीने घासून काढून त्या जागी एखाद्या पराक्रमी सैनिकाचे नाव घातले, तर पदकाची किंमत वाढते. पण घासल्यामुळे व्यास थोडा कमी होतो. तो निरनिराळ्या दिशांनी मोजून पाहा. भिंगाखाली कडही पाहा. ओतीव नकलेवर अनेकदा बारीक छिद्रे दिसतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात.

पदक ॲसिडने किंवा राखेने घासू मात्र नका. त्याने पुरावाच नष्ट होतो.

खरे तेही फेकले जाईल

समजा, दुसऱ्या एका पदकाचे हवेतील वजन २६.४ ग्रॅम भरले आणि पाण्यातील घट तेवढीच, ३.० ग्रॅम आली. घनता झाली ८.८. रंगही तांबूस तपकिरी. हे चांदीचे नाही. मग नकली समजून फेकून द्यायचे काय?

थांबा! हेच युद्धपदक काशाचेही काढलेले होते. ते लढणाऱ्या सैनिकांसाठी नव्हते. आघाडीमागे ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या मजूर पलटणींतल्या माणसांना ते दिले गेले. त्यांत चिनी मजूर होते, तसेच आपले हिंदी मजूरही होते. काशाची घनता ८.८ च्या आसपास असते. तुमच्या तराजूने अगदी बरोबर सांगितले होते, चुकला असता तो तुमचा निष्कर्ष. एकट्याने निकाल देणाऱ्याने अशा मजुराची बहुधा एकुलती एक आठवण केरात टाकली असती. एकटा संग्राहक खोटे विकत घेतो एवढेच नव्हे, तो खरेही गमावतो.

म्हणून तराजू, भिंग आणि जंबुपार दिवा यांच्या जोडीला चौथे साधन हवे, ते म्हणजे दुसऱ्या माणसाचे डोळे. वस्तू घेण्यापूर्वी ती तुमच्या शिक्षकांना दाखवा, जुना नाणेसंग्राहक गाठा, जवळच्या वस्तुसंग्रहालयात विचारा. गावातल्या निवृत्त सुभेदारांना पलटणीचे नाव वाचून दाखवा. कडेवरचे पद आणि पलटण यांचा मेळ बसतो की नाही, हे ते चटकन सांगू शकतील. तुलनेसाठी घेतलेला नमुना त्याच विक्रेत्याकडचा नसावा, हे तर कधीही विसरू नका.

आणि विक्रेता हळूच म्हणाला, 'वस्तू फार दुर्मिळ आहे, पण कोणाला दाखवू नका', तर पैसे खिशातच ठेवा. अस्सल वस्तूला चारचौघांत यायला भीती वाटण्याचे काही कारण नसते.