काडतुसांचा सारखेपणा
नेमबाजीचं शास्त्र : लेखांक ७

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या मोटरची कवचं बनत आली आहेत. व्यास २.८ मीटर, धातू अतिशय चिवट पोलाद. आत घन इंधन पेटलं की वायूचा दाब वाढतो आणि तो सगळा दाब त्या कवचाला एकट्याने पेलावा लागतो. रायफलच्या काडतुसातही घन इंधनच जळतं. .३०८ या लांब पल्ल्याच्या नेहमीच्या काडतुसात दाब वातावरणाच्या सुमारे चार हजारपट चढतो, म्हणजे रॉकेटच्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त. पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, आणि पितळेच्या पातळ पुंगळीला तो एकटीने पेलायचा नसतो. दाब चढताच पुंगळी फुगून चेंबरच्या पोलादी भिंतीला घट्ट टेकते. त्यामुळे वायू मागे बोल्टकडे येत नाही, सगळा जोर गोळीच्या पाठीशी लागतो. दाब उतरला की पितळ किंचित आकसतं, बोल्ट मागे ओढता येतो आणि पुंगळी बाहेर पडते.

गेल्या आठवड्यात नळीतले आटे गोळीला फिरकी कशी देतात ते पाहिलं. या आठवड्यात त्या नळीत काय घालायचं, ते पाहू. लांबच्या निशाणासाठी काडतूस जोरदार असावं लागतं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर जोर पुरेसा असला की झालं. त्यापुढे सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी असते : पहिलं काडतूस आणि साठावं काडतूस यांच्यात काही फरक राहू नये.

हे का, ते थोड्या हिशेबाने कळेल. .३०८ ची १७५ ग्रेन वजनाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने निघते. निशाण ३०० मीटरवर असेल, तर तिथे पोचेपर्यंत ती सुमारे पाऊण मीटर खाली आलेली असते. साइट त्या हिशेबाने लावलेली असल्यामुळे नेमबाजाला त्याची चिंता नसते. पण एखाद्या काडतुसाचा वेग एक टक्का जास्त निघाला, तर गोळी दीड सेंटिमीटर वर लागते. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय निशाणावर दहाचं वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणून एवढी चूक खपते. आता निशाण १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर न्या. गोळीला तिथे पोचायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि ती दहा मीटरच्या आसपास खाली येते. तोच एक टक्क्याचा फरक इथे वीस सेंटिमीटरच्या वर जातो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत या अंतरावर दहाचं वर्तुळ २५ सेंटिमीटरचं असतं. नेम बरोबर मध्यावर, श्वास जागच्या जागी, ट्रिगर लोण्यासारखा ओढलेला, आणि तरी गोळी दहाच्या बाहेर. अंतर तिप्पट झालं की चूक नुसती तिप्पट होत नाही, नऊपटीच्याही पुढे जाते, कारण वाटेत हवेने गोळीचा वेग खाल्लेला असतो.

म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या अनेक देशांत लांब पल्ल्याचे नेमबाज काडतुसं स्वतः भरतात. काडतुसात चारच गोष्टी असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोकल्यावर पेटणारा प्रायमर, दारू आणि गोळी. बाकी तिन्ही एकदाच वापरायच्या. पुंगळी मात्र पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि या विद्येत माणसाचा सर्वांत जास्त वेळ पुंगळीवरच जातो.

उडवलेली पुंगळी त्या रायफलच्या चेंबरचं माप घेऊन बाहेर आलेली असते. कारखान्यातली नवी पुंगळी कुठल्याही रायफलमध्ये बसावी म्हणून थोडी सैल केलेली असते. ही आता त्याच एका रायफलची झाली. अनुभवी माणूस तिला साच्यात घालून पुन्हा नव्यासारखी बारीक करत नाही. मान गोळीला पकडेल इतकी आवळतो आणि खांदा मिलिमीटरच्या काही शंभरांशांनी मागे सारतो, म्हणजे बोल्ट सहज बंद होईल पण आत खेळ उरणार नाही. दर फैरीला मानेचं पितळ ताणलं आणि आवळलं जातं, आणि प्रत्येक खेपेला ते कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर ठोकून कडक झालेलं तांबं भट्टीत तापवून पुन्हा नरम करतात, तेच इथे पुंगळीच्या मानेला करायचं. बूड मात्र तापू द्यायचं नाही, कारण दाबाचा खरा भार बुडावर येतो आणि ते कडकच हवं. हे केलं नाही, तर एक मान गोळीला घट्ट धरते आणि दुसरी सैल. घट्ट मानेतून गोळी उशिरा सुटते, तोवर दाब वेगळा चढतो आणि वेग बदलतो. डोळ्याला दोन्ही काडतुसं सारखीच दिसतात.

मग लांबी. पितळ दाबाखाली पुढे सरकतं, म्हणून पुंगळ्या ठरलेल्या मापाला कापून कडा साफ करतात. कडक शिस्तीचे लोक पुंगळ्या तोलून वजनाप्रमाणे वेगळ्या काढतात, कारण बाहेरचं माप तेच असून वजन जास्त असेल तर आत पितळ जास्त आणि जागा कमी, आणि जागा कमी म्हणजे दाब जास्त. प्रायमरही एकाच खोलीवर बसवायचा.

दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराच्या एका गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन मावतात. चांगल्या काट्यावर ग्रेनच्या अगदी लहान अंशापर्यंत तोलता येतं. किती भरायची, ते मनाने ठरत नाही. दारू बनवणारे कारखाने प्रत्येक गोळी आणि पुंगळीसाठी दाब मोजून ठरवलेली कोष्टकं छापतात. त्यातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि वरचा आकडा ओलांडायचा नाही. जलद जळणारी दारू हळू जळणारीच्या जागी पडली किंवा एका पुंगळीत दोनदा ओतली गेली, तर बोल्ट आणि चेंबर फुटतात, आणि त्यांच्या मागे नेमबाजाचा चेहरा असतो. म्हणून जाणकार टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवतात आणि काम चालू असताना कोणाशी बोलत नाहीत.

शेवटी गोळी पुंगळीत किती आत बसवायची. नळीतले आटे जिथे सुरू होतात, तिथपर्यंत गोळीला थोडी उडी मारावी लागते. ती किती असावी, हे रायफलगणिक बदलतं आणि निशाणावर झाडूनच कळतं. क्रोनोग्राफवर वेग मोजायचा, कागदावर भोकं पाहायची, वहीत लिहायचं.

आपल्या भागात या हिशेबात आणखी एक भर पडते. बारामती समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे. हवा थोडी विरळ, त्यामुळे गोळी किनारपट्टीपेक्षा किंचित कमी पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. गरम दारू जास्त जोराने जळते. आधुनिक दारूत हा फरक बराच कमी केलेला असला, तरी गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेलं काडतूस आणि सावलीतलं काडतूस एकाच नेमावर पडत नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे, आणि मला तो रास्त वाटतो. ज्याच्याकडे महाग यंत्रं आणि मोकळा वेळ, तो जिंकला, तर मग परीक्षा नेमाची झाली की कारखानदारीची? इंग्लंडमध्ये बिस्लीच्या स्पर्धांनी याला वेगळं उत्तर दिलं : टार्गेट रायफलच्या सामन्यांत परंपरेने सगळ्यांना आयोजकांनीच दिलेली, एकाच लॉटची काडतुसं. वारा ओळखा, नेम धरा, बाकी सर्वांना सारखं. याच स्पर्धांत, त्या बिस्लीला येण्याआधीपासून, म्हणजे १८७१ पासून, कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेल्या कपासाठी सामने होत आले आहेत. ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर वेगवेगळ्या देशांचे संघ त्यासाठी उतरतात. मराठी मुलखातल्या नावाचा कप इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांहून जास्त काळ आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारतात हा वाद मुळातच मिटलेला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. स्वसंरक्षणाचा किंवा खेळाचा शस्त्रपरवाना असणं म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे. दारू हे स्फोटक, त्यावर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटक-सुरक्षा संस्थेची नजर. बारामती-इंदापुरातल्या कोणी परदेशी व्हिडिओ पाहून गोठ्याच्या खोलीत काडतुसं भरायचा प्रेस मांडायचा विचार करत असेल, तर तो आजच सोडावा. त्याच प्रकारे कडबनवाडीचं किंवा शिर्सुफळचं मोकळं गवताळ रान पाहून लांबचा पल्ला मारावासा वाटला, तरी ते रान चिंकाऱ्याचं आहे. लांब पल्ल्याची गोळी फक्त मातीचा भक्कम बांध असलेल्या मान्यताप्राप्त रेंजवर झाडायची.

काडतुसं बनवण्याची विद्या मात्र महाराष्ट्राला परकी नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यात वरणगावला रायफलची काडतुसं बनतात, भंडाऱ्याला स्फोटकं आणि दारू. हे कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. त्यांचं काम सैन्यासाठी आहे. स्पर्धेच्या नेमबाजाला लागणारी अचूक काडतुसं मात्र बाहेरून येतात.

आपल्या मुलामुलींची खरी रायफल .२२ ची. एनसीसीत ज्यांनी ती हाताळली, त्यांना तिचं छोटं काडतूस आठवत असेल. या काडतुसात प्रायमर वेगळा नसतो. ठोकल्यावर पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत पसरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कड चेचते. एकदा चेचलेली कड पुन्हा भरता येत नाही. म्हणजे कायद्याने परवानगी दिली असती, तरी हे काडतूस घरी भरता आलं नसतं. सारखेपणा करता येत नाही, तर तो शोधावा लागतो.

आणि गरज तेवढीच आहे. ५० मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. .२२ ची स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डगमगते. एवढ्या अंतरात ती सुमारे १२ सेंटिमीटर पडते. वेग दीड टक्का बदलला, तर भोक साडेतीन मिलिमीटर सरकतं, आणि अंतिम फेरीच्या दशांशातल्या मोजणीत ०.४ गुण जातात.

म्हणून इंग्लंडची ईली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या केंद्रांवर आपले मोठे नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात. रायफल पकडीत घट्ट बसवतात, म्हणजे माणसाचा थरथराट बाजूला झाला. मग एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं तीतून झाडून गट मोजतात. डब्यावरचं नाव तेच, किंमत तीच, पण एका लॉटचा गट दहाच्या आत मावतो आणि दुसऱ्याचा पसरतो. शेजारच्या नेमबाजाच्या रायफलमध्ये हेच दोन लॉट उलटे वागू शकतात. आवडलेला लॉट सापडला की त्याची हजारो काडतुसं एकदम घ्यायची, कारण तो संपला की पुन्हा होत नाही.

तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, फ्रान्समधल्या शातोरू इथल्या रेंजवर, तीन स्थितींच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी कांस्य घेऊन आला. तो घडला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, दीपाली देशपांडे यांच्या हाताखाली. या यशात हात, डोळा आणि मन त्यांचंच. पण गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून झाडलेल्या प्रत्येक गोळीला एकच वेग मिळाला नसता, तर त्या हाताची, डोळ्याची परीक्षाच झाली नसती. सरावात चुकलेल्या गोळीचं कारण शोधताना खेळाडूला एक तरी गोष्ट पक्की धरता आली पाहिजे, आणि ती काडतूस असेल तर उरलेलं सगळं त्याच्या स्वतःच्या हातात येतं. सरावाला एक लॉट आणि स्पर्धेला दुसरा, असं ज्या मुलांवर येतं, त्यांना ही खात्रीच मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात खेळावर खर्च होतो तेव्हा बंदूक आणि इमारत दिसते, काडतुसं दिसत नाहीत. माझ्या मते पहिला पैसा तिथेच जायला हवा.

बारामती किंवा इंदापूरहून शंभरावर किलोमीटर येऊन बालेवाडीला .२२ वर बसणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी एवढं तरी करावं. डब्याच्या फ्लॅपवर छापलेला लॉट क्रमांक प्रत्येक सत्राच्या नोंदीसोबत लिहून ठेवावा. क्लबमार्फत काडतुसं मागवताना शक्य तितकी एकाच लॉटची मागावीत. नवा लॉट आला की आधार देऊन दहा-दहा गोळ्यांचे निदान चार गट झाडावेत आणि कागद जपून ठेवावेत. एका गटावरून ठरवू नये, कारण दहा गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. काडतुसांचा डबा सावलीत, त्याच खोलीत, सत्राच्या बराच आधी ठेवावा. गट अचानक पसरला, तर आधी नोंदवहीतला लॉट पाहावा आणि मगच खांद्याच्या ठेवणीला हात लावावा.

पुढच्या लेखांकात वारा : उजनीच्या फुगवट्यावरून येणारा आणि बालेवाडीच्या भिंतींत अडकणारा, दोन्ही.