तुफानची सुट्टी संपली!

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, की पहिल्या दिवशी तुमचं काय होतं? पाढे अडखळतात, अक्षर वेडंवाकडं येतं आणि मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की धाप लागते. हो ना? मग सुट्टीवरून परतणाऱ्या घोड्याचं काय होत असेल?

घोड्याला कसली आली सुट्टी, म्हणाल. चला तर माथेरानला! रायगड जिल्ह्यातल्या, सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात खासगी मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्याला गाडी ठेवायची आणि पुढे पायी नाहीतर घोड्यावरून जायचं. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. पावसाळ्यात तांबड्या वाटा निसरड्या होतात, नेरळहून वर येणारी छोटी रेल्वेही थांबते. घोड्यांचं काम मंदावतं. दसरा-दिवाळी आली, की पुन्हा गर्दी!

समजा, तिथे चार वर्षांचा एक घोडा आहे. आपण त्याला तुफान म्हणू. महिना-दोन महिने त्याने नुसतं गवत खाल्लंय. दिसतो गुबगुबीत, उड्याही मारतो. मग पहिल्याच दिवशी पाच-सहा फेऱ्या मारायला लावल्या, तर काय बिघडलं?

इथेच खरी गोम आहे. कामाला लागल्यावर घोड्याचा दम काही आठवड्यांत परत येतो. पण पाय इतक्या लवकर तयार होत नाहीत. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. असतात ती हाडं आणि दोरखंडासारख्या चिवट कंडरा. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्या बळकट व्हायलाही कित्येक महिने लागतात आणि दुखावल्या तर बऱ्या व्हायलाही. शिवाय पाठीचा कणा पुरता पक्का व्हायला पाच वर्षं उलटावी लागतात. म्हणजे तुफान अजून पोरच आहे!

म्हणून जाणता घोडेवाला काय करतो? आधी नालबंदाला बोलावतो. खूर आपल्या नखांसारखे वाढतात, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी ते कापून नाल नव्याने ठोकावे लागतात. मग पहिले दोन-तीन आठवडे फक्त चालणं, तेही सपाट वाटेवर. आधी मोकळ्या पाठीने, मग खोगीर घालून, मग हलका स्वार बसवून. त्यानंतर थोडी थोडी दुडकी आणि सगळ्यात शेवटी चढ-उतार. सुट्टीत कातडी मऊ झालेली असते. तंग घासला की जखम होते, म्हणून रोज खोगीर उतरवल्यावर पाठ आणि पोट हाताने चाचपून बघायचं.

चंदीही एकदम वाढवायची नाही. घोड्याला आपल्यासारखी उलटी करता येत नाही. अचानक जास्त दाणा पोटात गेला तर पोटशूळ उठतो आणि जिवावरही बेतू शकतं.

काम झेपलं की नाही, हे नाडी सांगते. जबड्याच्या कडेला आतल्या बाजूने बोटं टेकवली की ती लागते. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. काम थांबवून दहा मिनिटं झाली तरी ती ६० च्या वर असेल, तर उद्या काम कमी करायचं.

हे सगळं सांगायला सोपं आहे. समोर हंगामाची गर्दी आणि घरात उधारी असली, की घोडेवाल्याला थांबणं फार जड जातं. पण घोडा कायमचा लंगडा झाला, तर पुढच्या हंगामात चूल कशी पेटणार?

इथे तुम्हीही मदत करू शकता. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. ३०० किलोचा घोडा असेल, तर किती? बरोब्बर, ६० किलो! तेव्हा बाबांचं वजन ८५ असेल, तर त्यांना मोठा, दणकट घोडा बघायला सांगा. नाहीतर पायी चला म्हणावं! घोडा लंगडत असेल, तंगाखाली जखम दिसत असेल, तर बसू नका. "काका, ह्याला आज आराम द्या ना," एवढं जरूर म्हणा. "जोरात पळवा" असा हट्ट तर मुळीच नको.

आणि उतरल्यावर त्याची मान थोपटायला विसरू नका हं!