काजव्यांचा म्होरक्या

धाकटी विचारते, "आबा, भंडारदऱ्याच्या व्हिडिओत सगळे काजवे एकदम लागतात न् एकदम विझतात. त्यांना सांगतं कोण?"

बरोबर विचारलंस बेटा. उत्तर सापडायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षं लागली. सरकून बसा, ती मच्छर अगरबत्ती इकडे करा, आणि ऐका.

१६९० साली एंगेलबर्ट केम्फर नावाचा एक जर्मन डॉक्टर डच कंपनीच्या नोकरीत जपानला निघाला होता. वाटेत सयाम लागलं, म्हणजे आजचं थायलंड. तिथे नदीकाठच्या झाडांवर त्याला काजवे दिसले. अख्खं झाड उजळायचं, अख्खं विझायचं, पुन्हा उजळायचं, अगदी नेमाने. डॉक्टरच तो! त्याला आठवलं काय, तर हृदयाचं आकुंचन-प्रसरण. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १७२७ मध्ये छापून आलं. पुढचे प्रवासीही तेच सांगत राहिले, पण शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. कोणी म्हणे योगायोग, कोणी म्हणे एखादा म्होरक्या काजवा इशारा देत असणार. १९१७ मध्ये फिलिप लॉरेंट नावाच्या गृहस्थांनी तर ‘सायन्स’सारख्या नियतकालिकात लिहिलं की काजवे एकत्र चमकत नाहीत, पाहणाऱ्याच्या पापण्या लवतात! बाप्पा! पापणी आपली लवली आणि खोटे ठरले बिचारे काजवे.

मग १९६० च्या दशकात जॉन आणि एलिझाबेथ बक हे काजव्यांचा अभ्यास करणारं जोडपं थायलंडला गेलं. त्यांनी नदीकाठचे काजवे पकडले, बँकॉकला हॉटेलवर आणले, खोलीत अंधार केला आणि दिले सोडून. हॉटेलवाल्याला विचारलं होतं की नाही, देव जाणे. काजवे आधी सैरभैर उडाले, मग भिंतींवर, छतावर जाऊन बसले. सुरुवातीला ज्याचं त्याचं आपलं चाललेलं. थोड्या वेळाने शेजारशेजारचे दोघं जुळले, मग तिघं. अशा टोळ्या वाढत गेल्या. म्होरक्या असता तर सगळे एकदम जुळले असते ना? इथे लय कोपऱ्याकोपऱ्यातून उगवत होती.

आता ती जुळते कशी? नळाखाली बादली लावली आहे आणि काठोकाठ भरली की ती आपोआप कलंडते, असं समजा. कलंडली की काजवा चमकला. बादली रिकामी, पुन्हा भरायला लागली. प्रत्येक काजव्याच्या आत असं काहीतरी भरत असतं. शेजारी चमकलेला दिसला की याच्या बादलीत मगभर पाणी जास्तीचं पडतं. म्हणजे जो थोडा मागे होता तो पुढे ढकलला जातो, आणि भरत आलेला तर तिथल्या तिथेच कलंडतो. एकदा दोघं बरोबर कलंडले की पुढेही बरोबरच.

हे गणित काजव्यांसाठी मांडलेलंच नव्हतं, हो. १९७५ मध्ये चार्ल्स पेस्किन हा गणिती आपल्या हृदयाचा विचार करत होता. हृदयात ठोक्याची वेळ ठरवणाऱ्या हजारो पेशी असतात. त्यांच्यातही कोणी साहेब नसतो, तरी ठोका एकच पडतो. १९९० मध्ये रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी तेच गणित पुढे नेलं. सगळ्या बादल्या एकसारख्या असतील आणि प्रत्येकीला बाकीच्या दिसत असतील, तर कितीही असोत, त्या जवळपास नेहमी एकत्र येणारच, हे त्यांनी सिद्ध केलं. केम्फरला नदीकाठी हृदय आठवलं होतं ते उगाच नाही! खऱ्या झाडावर मात्र सगळ्यांना सगळे दिसत नाहीत. म्हणून लय मध्येच तुटते, पुन्हा जुळते.

थोरला म्हणतो, "पण एकत्र चमकून फायदा काय?" फायदा लग्नाचा! चमकून बोलावणारे बहुतेक नर असतात. अमेरिकेच्या ग्रेट स्मोकी पर्वतातही असे एका तालाचे काजवे आहेत. कोपलंड आणि मॉइसेफ या दोन शास्त्रज्ञांनी तिथल्या माद्यांसमोर नरांऐवजी एलईडी दिवे लावले. २०१० मध्ये ते छापून आलं. दिवे एकदम लागले तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त वेळा मादीने उलट चमकून होकार दिला. आपापले लागले तर दहाच्या वर नाही. गोंधळात तिला आपला कोण तेच ओळखू येत नसावं.

आणि हा सगळा थाट मोजक्या दिवसांचा. बाकीचं आयुष्य अळी होऊन ओल्या पाल्याखाली गोगलगाई खाण्यात जातं. पाला जाळला, मातीवर विष फवारलं की काजवे गेलेच. उजेडाचंही तसंच. त्यांचा दिवा ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्यावर आणि ऑक्सिजनवर चालतो, हाताला गरमही लागत नाही, इतका नाजूक. अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या हेडलाइटपुढे आणि गोदामांच्या फ्लडलाइटपुढे नागपूरजवळच्या आपल्या वाडीत तो कोणाला दिसणार? पण अंधार परत आणता येतो, बरं का. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. चांदण्या नीट दिसाव्यात म्हणून सिल्लारी, वाघोलीकडच्या गावांत शंभरावर दिवे बदलले, उजेड खाली जमिनीवर पडेल असे लावले.

भंडारदऱ्याला मे सरताना काजवे ऐन भरात येतात आणि जोराचा पाऊस लागला की संपतात. तिकडच्या पोरांच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. आपल्या विदर्भात उन्हापायी सुट्टी त्याहून लांब. उन्हाचा तेवढा तरी उपयोग करून घेऊ, तिकडे काजवे बघायला जाऊ. रात्रीच्या गाडीने इगतपुरी, तिथून घोटीवरून भंडारदऱ्याजवळचं शेंडी गाव. शनिवार-रविवार नको, गाड्यांच्या दिव्यांनी घाट भरलेला असतो. टॉर्चला लाल जिलेटिन लावा, आणि मोबाइलचा फ्लॅश बंद म्हणजे बंद. थोरल्या, हे तुलाच सांगतोय.