जॉर्जियाचे निशाण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सरकारी कचेरीवर किंवा न्यायालयावर जे निशाण आज फडकत असते, ते जवळ जाऊन न्याहाळले असता त्यात आक्षेपार्ह असे काही प्रथमदर्शनी आढळत नाही. वर तांबडा, मध्ये पांढरा आणि खाली पुन्हा तांबडा असे तीन आडवे पट्टे. दांडीलगतच्या वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन. त्या चौकोनात तेरा शुभ्र ताऱ्यांचे कडे. आणि कड्याच्या आत सोनेरी रंगातले राज्यचिन्ह, ज्यातील कमान पेलणाऱ्या तीन खांबांभोवती शहाणपण, न्याय आणि संयम हे शब्द मिरवणारी फीत गुंडाळलेली असून खांबांमध्ये उपसलेली तलवार हाती घेतलेला शिपाई उभा आहे. अटलांटा शहरात आणि त्याच्या उपनगरांत आता कितीतरी मराठी कुटुंबे नांदत आहेत आणि त्यांची मुले याच निशाणाच्या छायेत वाढत आहेत. पण हे तीन पट्टे कोठून आले, असा प्रश्न केला तर नवागतांनाच नव्हे, तेथील पिढीजात रहिवाशांपैकीही अनेकांना त्याचे बरोबर उत्तर देता येणार नाही. याचे कारण असे की, ज्या इतिहासाशी या पट्ट्यांचा संबंध आहे, त्या इतिहासाचे निशाण म्हणून लोकांच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र ठसलेले आहे.

ते चित्र म्हणजे तांबड्या जमिनीवर निळी तिरपी फुली आणि फुलीवर पांढरे तारे. १८६०-६१ साली गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा, म्हणजे कॉन्फेडरेट सत्तेचा, हाच राष्ट्रध्वज होता असे सर्रास मानले जाते. इतकेच नव्हे, तर ‘स्टार्स अँड बार्स’ हे नावही याच निशाणाला चिकटवले जाते. वस्तुतः ते नाव निराळ्याच ध्वजाचे आहे. ४ मार्च १८६१ रोजी अलाबामातील माँटगोमेरी येथे त्या सत्तेने जो पहिला राष्ट्रध्वज स्वीकारला, त्यात तीन रुंद आडवे पट्टे आणि निळ्या कोपऱ्यात ताऱ्यांचे वर्तुळ होते, आणि वरील वर्णनाशी ताडून पाहिल्यास जॉर्जियाचे आजचे निशाण त्याचेच रूप आहे हे तत्काळ ध्यानात येईल.

फुलीचे निशाण जन्माला आले ते रणांगणाच्या निकडीतून. जुलै १८६१ मध्ये, उत्तर-दक्षिण यादवी युद्धातील मनॅससच्या पहिल्या लढाईत, वारा पडलेला आणि धुरळा उडालेला असता, दक्षिणेचे तीन पट्टे आणि उत्तरेचे तेरा पट्टे दुरून एकसारखेच भासू लागले आणि आपले कोण, शत्रू कोण, हे ओळखणे सेनापतींना दुर्घट झाले. तेव्हा दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी विल्यम पोर्चर माइल्स यांनी पूर्वी सुचवलेला आणि हेटाळणीने फेटाळला गेलेला फुलीचा नमुना पुन्हा पुढे आला आणि त्याच वर्षी सैन्याचे लढाऊ निशाण म्हणून प्रचारात आला. ते लांबट नव्हते, चौरस होते; पायदळासाठी ४८ इंच, तोफखान्यासाठी ३६ इंच आणि घोडदळासाठी ३० इंच अशी त्याची मापेही मुक्रर झाली होती. राज्याचे निशाण वेगळे आणि फौजेचे वेगळे, ही गोष्ट भगवा झेंडा आणि जरीपटका यांतील भेद जाणणाऱ्या मराठी वाचकास फोड करून सांगावयास नको. ही फुली एकटीच सबंध राष्ट्रध्वज अशी कधीच झाली नाही. १८६३ च्या दुसऱ्या राष्ट्रध्वजात ती कोपऱ्यात बसवली गेली आणि उरलेला सारा ध्वज निखळ पांढरा ठेवला गेला.

त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ काय, याविषयी संदेहास जागा नाही, कारण त्या नमुन्याचा हिरिरीने पुरस्कार करणारे जॉर्जियातील सव्हाना येथील संपादक विल्यम थॉम्पसन यांनी आपल्या वृत्तपत्रात तो अर्थ स्वतःच सांगून ठेवला: गोऱ्या वंशाच्या ईश्वरदत्त श्रेष्ठत्वाचे ते प्रतीक. त्याच सव्हाना शहरात, पहिला ध्वज स्वीकारल्यावर अवघ्या सतरा दिवसांनी, त्या सत्तेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी, जे स्वतः जॉर्जियाचेच होते, नव्या राज्याची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे तत्त्व होय, असे जाहीर भाषणात प्रतिपादन केले. म्हणून ‘युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होते, गुलामगिरीचा प्रश्न मागाहून चिकटवला गेला’ असे जे आजही सांगितले जाते, ते त्या पुढाऱ्यांच्याच तोंडच्या शब्दांपुढे टिकत नाही. त्या संग्रामाचा खरा अर्थ दूर पुण्यात बसून महात्मा जोतीराव फुले यांनी अचूक ओळखला होता. युद्ध संपल्यावर आठच वर्षांनी, १८७३ साली, त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यमोचनासाठी झटलेल्या सज्जनांना कृतज्ञतेने अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेचे वारस असलेल्या आपणांस हा ध्वजांचा वाद परका वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

फुलीचे निशाण युद्धापासून अखंड, केवळ पूर्वजांच्या आदरापोटी सरकारी इमारतींवर फडकत आले, हा तर सर्वांत चिवट गैरसमज. जॉर्जियाच्या बाबतीत तो कागदोपत्री खोडून काढता येतो. १८७९ पासून राज्याच्या निशाणात पहिल्या राष्ट्रध्वजाचेच तांबडे-पांढरे पट्टे होते. पूर्वजांचे स्मरण म्हणाल तर ते त्यात पुरेपूर होते. ते पट्टे काढून १९५६ साली विधिमंडळाने निशाणाचा दोन-तृतीयांश भाग फुलीला दिला. त्याआधी दोनच वर्षे, १९५४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेदी पृथक्करण घटनाबाह्य ठरवले होते. आणि १९४८ साली नागरी हक्कांच्या कार्यक्रमाला विरोध करण्यासाठी जो फुटीर पक्ष उभा राहिला, त्याच्या सभांतून ही फुली पुन्हा राजकारणात आलेली होती. विशेष हे की, दक्षिणी सैनिकांच्या स्मृती जपणाऱ्या महिलांच्या संस्थेनेच १९५६ च्या बदलास हरकत घेतली होती. स्मृती ज्यांनी जपली त्यांना तो नको होता, या एका गोष्टीवरून तो कोणासाठी केला गेला हे उमगते.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. २००१ च्या जानेवारीत गव्हर्नर रॉय बार्न्स यांनी ती फुली हटवून निळ्या जमिनीवर राज्याची मुद्रा आणि खाली पाच चिमुकली निशाणे असा ध्वज आणला. तो दिसायला इतका गजबजलेला होता की ध्वजशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याच वर्षी घेतलेल्या ७२ ध्वजांच्या चाचणीत त्याला अगदी शेवटचा क्रमांक मिळाला. बार्न्स पुढील निवडणुकीत पराभूत झाले, आणि त्या पराभवात निशाणाचा वाटा होता. नवे गव्हर्नर सनी पर्ड्यू यांच्या कारकिर्दीत, मे २००३ मध्ये, आजचे निशाण आले. मार्च २००४ मध्ये त्यावर सार्वमत झाले. तेव्हा फुलीचे निशाण हवे की नको, असा प्रश्न लोकांपुढे ठेवला गेला होता, असे सांगितले जाते. वास्तविक मतपत्रिकेवर १९५६ चे निशाण नव्हतेच. निवड २००१ आणि २००३ या दोन नमुन्यांतूनच करावयाची होती, आणि सुमारे ७३ टक्के मते दुसऱ्याला पडली.

तेरा ताऱ्यांविषयीही एक खुलासा करणे अगत्याचे आहे. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हे तारे अमेरिकेच्या तेरा मूळ राज्यांचे द्योतक आहेत, आणि जॉर्जिया त्यांपैकी एक होतेच. परंतु कॉन्फेडरेट ध्वजावरील ताऱ्यांची संख्याही अखेरीस तेराच होती. प्रत्यक्षात फुटून निघालेली राज्ये अकरा असून केंटकी आणि मिसुरी यांनाही कॉन्फेडरेट सत्तेने आपल्यात धरले होते. ज्याला जो अर्थ घ्यावयाचा असेल त्याने तो घ्यावा, अशी सोय या तेरा आकड्यात आहे, आणि अशी सोय ज्या निशाणात असते त्याबद्दल माझे मन निःशंक होत नाही. अपमानाचे चिन्ह गेले, ही मोठीच गोष्ट झाली; गुलामांच्या वंशजांच्या डोळ्यांसमोरून ती फुली दूर झाली, याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि तिच्या जागी जो ध्वज आला, तो ज्या सत्तेने गुलामगिरीची कोनशिला बसवली तिचा अधिकृत ध्वज होता, हेही तितकेच खरे आहे.

मिसिसिपी राज्याच्या निशाणात १८९४ पासून असलेली फुली जून २०२० मध्ये कायद्याने काढली गेली आणि नोव्हेंबरात सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी मॅग्नोलियाच्या फुलाचे नवे निशाण पसंत केले. नव्या नमुन्यासाठी घातलेल्या अटींत एक अट अशी होती की त्यात कॉन्फेडरेट लढाऊ निशाण असता कामा नये. माँटगोमेरीच्या तीन पट्ट्यांचे नाव त्या अटीत नव्हते.