उलट्या पावसाळ्याचं जंगल

सिएटलला लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेल्या आई-बाबांना उन्हाळ्यात ऑलिम्पिक नॅशनल पार्कची सहल बहुतेक ठरलेलीच. 'रेनफॉरेस्ट' म्हणून छत्र्या बांधून निघालेली मंडळी होहच्या जंगलात पोचतात आणि जुलैत तिथे पुष्कळदा चक्क ऊन पडलेलं असतं! इथला पावसाळा हिवाळ्यात येतो.

हिशेब मात्र सह्याद्रीचाच. पॅसिफिकवरून आलेले ढग डोंगरांना अडतात. पश्चिमेच्या होह खोऱ्यात वर्षाला साधारण ३५० सेंटिमीटर पाऊस कोसळतो. तोच वर, २,४०० मीटरहून उंच माउंट ऑलिम्पसवर, बर्फ होऊन साचतो आणि त्याच्या हिमनद्या होतात. पलीकडच्या सेक्विम गावाच्या वाट्याला येतो जेमतेम ४० सेंटिमीटर. महाबळेश्वरहून माण-खटावला गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

'हॉल ऑफ मॉसेस' ही पायवाट सव्वा किलोमीटरची. मेपलच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाचे फोटो काढून झाले की एखाद्या आडव्या पडलेल्या खोडापाशी वाका. त्याच्या पाठीवर हेमलॉक आणि सिटका स्प्रूसची बोटभर रोपं ओळीनं उगवलेली दिसतील. खाली शेवाळ-नेच्यांची इतकी दाटी की बीला जागाच मिळत नाही. मग कुजतं खोड हाच वाफा. पुढे काही पिढ्यांनी ते खोड मातीत जिरतं आणि मोठी झालेली झाडं मुळांच्या कमानींवर, पायाखाली पोकळी ठेवून, एका रांगेत उभी राहतात. कुणी दोरी धरून लावावीत तशी.

उद्यानातल्या हिमनद्या १९८२ मध्ये मोजल्या तेव्हा २६६ होत्या, २००९ मध्ये १८४ उरल्या. ब्लू ग्लेशियरजवळ जायचं तर एका बाजूनं जवळपास २८ किलोमीटर चाल आहे. आपण हरिकेन रिजपर्यंत गाडीनं जावं आणि शिखरं दुरूनच पाहावीत, हे बरं.

१९३८ साली झालेल्या या उद्यानाला आरपार जाणारा रस्ता नाही; १०१ क्रमांकाचा हायवे त्याला वळसा घालतो. त्यामुळे बर्फ, जंगल आणि समुद्र एका दिवसात उरकायचा बेत म्हणजे दिवसभर गाडीतच बसणं. निदान दोन मुक्काम हवेत. रिआल्टो बीचवर समुद्रातले सुटे सुळके बघत लांबवर चालत जाल, तर एक लक्षात ठेवा: भरतीच्या वेळी काही भूशिरांना वळसा घालता येत नाही, मागची वाटही बुडते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा, मगच वाळूत उतरा.