माठाचे तोंड

जगात वर्तुळे पुष्कळ आहेत, पण वर्तुळ वर्तुळासारखे दिसण्याचा योग क्वचितच येतो. वाढलेले ताट पुढ्यात येते तेव्हा आपण त्याला गोल म्हणतो, पाहतो मात्र लंबगोल. बांगडी, गाडीचे चाक, विहिरीचा कठडा, चहाची बशी, सगळ्यांची तीच गत. मनाला ठाऊक असलेला आकार आणि डोळ्याला दिसलेला आकार यांचा हा जुना तंटा आहे. चित्रकलेचा विद्यार्थी त्यात प्रथम सापडतो तो माठाचे तोंड काढताना.

तारनाक्याला उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला माठ-रांजणांच्या उतरंडी दिसतात. हा विषय शिकायला याहून स्वस्त शाळा नाही. जमिनीवरच्या माठाचे तोंड चांगले उघडे दिसते. कमरेएवढ्या उंचीवरच्याचे थोडे मिटलेले. अगदी डोळ्याच्या पातळीवर आलेल्या माठाचे तोंड म्हणजे निव्वळ एक आडवी रेघ. त्याहून वरच्या माठाचे तोंड दिसतच नाही, त्याच्या काठाची कड मात्र कमानीसारखी वर वाकते. आता खाली उकिडवे बसा, म्हणजे सारा हिशेब बदलतो. माठ जागचे हललेले नसतात, आपला डोळा हललेला असतो.

एवढे ध्यानात आले की पुष्कळशा चुका आपोआप टळतात. मुले पेल्याचे तोंड छान उघडे काढतात आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ. वस्तुतः बूड डोळ्यापासून अधिक खाली, म्हणून त्याची वक्रता तोंडाहून अधिक हवी. दुसरी चूक टोकांची. वरून एक कमान, खालून एक कमान, आणि दोन्ही बाजूंना मासोळीच्या तोंडासारखे कोपरे! लंबवर्तुळाला कोपरा नसतो. तेथे रेघ झटकन वळते, पण वळतेच, मोडत नाही.

तिसरी गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. शेजारची एक मुलगी आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती. ती एके संध्याकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तिने काढलेल्या प्रत्येक माठाचे तोंड अंड्यासारखे होते, आपल्याकडची बाजू फुगीर आणि पलीकडची निमुळती. शिकवणीत त्यावर लाल फुल्या पडल्या होत्या आणि ‘वाद नको, आकार पाठ कर’ असे उत्तर मिळाले होते.

“काका, जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान, हे यांनीच शिकवलं. मग तोंडाचा आपल्याकडचा अर्धा भाग मोठा नको का? विचार करून काढलं तर फुली मिळते. न विचार करता काढायचं असेल तर मला हे शिकायचंच नाही.”

पोरीचा आकार चुकला होता, पण प्रश्न बिनतोड होता. त्याला फार थोर सोबत आहे. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने 1525 साली भूमितीय मोजमापावर ग्रंथ छापला. शंकू तिरका कापला तर कोणता आकार मिळेल ते त्याने तेथे आखून दाखविले, आणि मिळालेल्या लंबवर्तुळाला ‘अंड्याची रेषा’ असे नाव दिले. शंकू खाली रुंद होत जातो, तेव्हा छेदही खाली रुंद असणार, असा त्याचा समज. आकृतीही तशीच आली. तो छेद दोन्ही बाजूंना अगदी सारखा असतो, हे ग्रीक भूमितिकारांनी कित्येक शतके आधी सिद्ध केलेले होते.

हा शंकू आपल्या माठाशीही निगडित आहे. माठाच्या काठावरील प्रत्येक बिंदूपासून डोळ्यापर्यंत एक दोरा ताणला अशी कल्पना करा. सगळे दोरे मिळून एक शंकू होतो. डोळा हे त्याचे टोक, माठाचे तोंड हा त्याचा तळ. मध्ये काचेसारखा धरलेला कागद त्या शंकूला छेदतो, आणि कागदावर उमटते ते सममित लंबवर्तुळच.

मग तिचा ‘जवळचा मोठा भाग’ गेला कोठे? ते पाहायला आम्ही उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात गेलो, तारनाक्याहून ते जवळच. बेल्जियन वास्तुशिल्पी अर्नेस्ट जास्पर याने आराखडा केलेली आर्ट्‌स कॉलेजची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत 1939 साली पुरी झाली. तिच्या भव्य दर्शनी कमानीसमोर नीट मधोमध उभे राहिले तर कमानीचे टोक बरोबर मध्ये. बाजूला सरकून तिरके पाहिले तर जवळचा अर्धा भाग रुंद, लांबचा अरुंद, आणि टोक पलीकडे सरकलेले. किती सरकले, हे अंदाजाने ठरवायचे कारण नाही. कमानीभोवतीच्या चौकटीचे कर्ण काढावेत. ते जेथे छेदतात तेथून जाणारी उभी रेघ, तिच्यावर टोक.

तीच युक्ती माठाच्या तोंडाला लावली. तोंडाभोवती एक चौकोन कल्पिला, यथादर्शनात काढला, त्याचे कर्ण जोडले. वर्तुळाचा खरा मध्य मिळाला, आणि तो लंबवर्तुळाच्या मध्यापेक्षा किंचित पलीकडे पडला! म्हणजे वर्तुळाचा जवळचा अर्धा भाग कागदावर खरोखरच मोठा असतो. लंबवर्तुळाची सर्वांत रुंद जागा ही वर्तुळाचा व्यास नसतेच, ती त्याच्या अलीकडची एक जीवा असते. दोघांचेही म्हणणे खरे ठरले. मुलगी बराच वेळ त्या दोन मध्यांकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती नवीन कागद घेऊन आली.

यापुढची वाट फळाभाज्यांची, आणि मला विचाराल तर खरी गंमत तेथेच आहे. भोपळा, वांगे, सीताफळ यांना कोणी कंपासने काढलेले नाही. त्यांना चौकट चालत नाही, पण छेद चालतात. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या इटालियन चित्रकाराने पंधराव्या शतकात माणसाच्या डोक्याचे असेच आडवे छेद कल्पिले, प्रत्येकावर बिंदू मांडले आणि एकेक बिंदू मोजून यथादर्शनात उतरविला. एवढा खटाटोप रोज कोण करणार? परंतु मनातल्या मनात भोपळ्याला चार कडी घालून पाहावीत. कडी बरोबर बसली की फुगवटा आपसूक येतो. सीताफळाचे डोळे मध्ये ऐसपैस, कडेला दाटीवाटीने, हेही त्यातूनच कळते.

नियमाला मुरड घालणारेही थोर आहेत. राफाएलने व्हॅटिकनमधील ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्रात (1509–1511) उजव्या कोपऱ्यात दोघांच्या हाती गोल दिले आहेत. काटेकोर भूमितीने पाहता चित्राच्या मध्यापासून इतक्या दूरचे गोल लंबवर्तुळाकार यायला हवेत. त्याने ते सरळ वर्तुळाकार काढले. चित्रासमोर हिंडणाऱ्या माणसाला लांबट चेंडू खटकला असता.

मुलीने सध्या पडवळ घेतले आहे. उभ्या माठाचा आस सरळ, म्हणून त्याच्या सगळ्या कड्यांचे लहान अक्ष एका रेघेत येतात. पडवळाचा आस मुळातच वाकडा. जेथे तो वळेल तेथे कड्याचा लहान अक्षही त्या वळणाच्या दिशेने फिरवावा लागतो, आणि कडे कधी उघडते तर कधी मिटते. काल तिच्या कागदावर अशी अकरा कडी होती. सातव्यापर्यंत पडवळ आमच्याकडे येत होते, आठव्यापासून ते पाठ फिरवून पलीकडे निघाले होते.